भिंतीअलीकडचा दगड

पुंजाअण्णा गेले हे मला कॉलनीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कळलं. त्यांच्या माझ्या घरात एका भिंतीचं अंतर, तरी बातमी मोबाइलवरून आली. मी दात घासून येईपर्यंत निम्म्या कॉलनीचे हात जोडून झाले होते. त्यातल्या अर्ध्यांनी त्यांच्या गोठ्याच्या वासाबद्दल माझ्याकडे तक्रारी केल्या होत्या. मी हात जोडले नाहीत. ज्या माणसाला अठरा वर्षं उघडपणे जमीनचोर म्हटलं, तो मेल्यावर त्याला एकाएकी भला कसं म्हणायचं? महिना उलटून गेला, पण त्यांच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही. फक्त रागाचं कारण बदललंय.

मखमलाबाद रोडला आम्ही प्लॉट घेतला तेव्हा तिथे अण्णांच्या झेंडूचे आणि शेवंतीचे वाफे होते. त्यांनी शेत विकलं, त्याचे प्लॉट पडले, आणि कडेचे दोन त्यांनी स्वतःला ठेवले. एकावर त्यांचं घर, दुसऱ्यावर फुलं, आणि फुलांच्या शेजारी मी. मी शाळेत गणित शिकवायचे, त्यामुळे माझा माणसांपेक्षा टेपवर विश्वास जास्त. दोन प्लॉटांच्या मध्ये दोन दगड होते, एक लाल, एक काळा, आणि त्यांच्यात जेमतेम दोन हातांचं अंतर. लाल दगड माझ्या बाजूला होता. तो म्हसोबा, हे मी बघताक्षणी ठरवलं. शेताच्या बांधावर लाल दगड म्हणजे देव, यात विचारायचं काय? घरभरणीच्या दिवशी मी त्याला तेल-शेंदूर लावला आणि नारळ फोडला. पलीकडचा काळा दगड बोडका होता, म्हणून तो हद्दीचा.

पुढच्याच मोसमात अण्णांनी काळ्या दगडाच्या अलीकडे झेंडू लावला, थेट लाल दगडापर्यंत. बांध कोरायची सवय कॉलनीत आली तरी जात नाही, असं म्हणत मी टेप घेऊन बाहेर आले.

"बाई, लाल दगडापोत्तर माझंच हाय," ते शांतपणे म्हणाले.

"देवाच्या नावावर जमीन खाता?" मी म्हणाले. गल्लीत चार बायका उभ्या होत्या, त्यांना ऐकू जाईल अशा बेतानेच म्हणाले. अण्णा खाली बसून रोपांना माती लावू लागले. त्यानंतर त्या विषयावर ते माझ्याशी कधी बोलले नाहीत. मी मात्र बोलत राहिले, सोसायटीच्या मीटिंगमध्ये, हळदीकुंकवाला, भाजीवाल्यासमोरसुद्धा. त्यांच्या सुनेला मी तिळगूळ दिला तोही टोमणा मारून.

भिंत मी दसऱ्याला बांधली. फुलवाले त्या दिवसांत बाजारातच मुक्कामाला असतात, हे मला चांगलं माहीत होतं. माझा भेकडपणा म्हणा हवं तर. अण्णा परतले तेव्हा काळ्या दगडासकट पाया भरून झाला होता. ते बराच वेळ त्या पायाकडे बघत होते. "पक्की बांधा," एवढंच गवंड्याला म्हणाले आणि हातपाय धुवायला गेले. मी जिंकले असं समजून त्या दिवशी शिरा केला.

मग त्यांचे मंगळवार सुरू झाले. दर मंगळवारी सकाळी माझ्या फाटकाची कडी वाजायची, आणि अण्णा आत येऊन माझ्या अंगणातल्या त्या शेंदरी दगडावर एक फूल ठेवायचे. थोडा वेळ उभे राहायचे, निघून जायचे. ना चहा, ना बोलणं. देवाला नाही कसं म्हणणार, म्हणून मी येऊ द्यायचे, पण आत भांडी मुद्दाम आपटायचे.

अण्णांचं दहावं-तेरावं झाल्यावर त्यांच्या मुलाने, सुनीलने, वाटणीसाठी सरकारी मोजणी मागवली. मोजणीवाला नकाशा घेऊन सरळ माझ्या अंगणात आला आणि त्याने किल्लीने शेंदूर खरवडला. खाली ऑइलपेंटचा लाल रंग निघाला, आणि त्याखाली फुलीची खूण. हद्दीचा दगड तो होता. काळा दगड त्यांचा म्हसोबा होता, हे सुनीलने सांगितलं. त्यांच्याकडे देवाला शेंदूर चालत नाही, नुसतं फूल. माझी भिंत त्यांच्या प्लॉटमध्ये होती आणि त्यांचा देव त्या भिंतीच्या पायात गाडलेला.

"मग अण्णा बोलले का नाहीत?" मी जवळजवळ ओरडलेच.

"मी लय वेळा म्हनलो, काकू," सुनील म्हणाला. "ते म्हनायचे, बाईंनी नारळ फोडलाय त्याच्यावर. आता दगड म्हनलं तर देव खोटा पडतो. ऱ्हाऊ दे."

लोक याला मोठेपणा म्हणतात. ग्रुपवर कुणीतरी लिहिलंही, असा माणूस होणे नाही. मला तो मोठेपणा वाटत नाही. एक वाक्य पुरेसं होतं, आणि ते त्यांनी अठरा वर्षं गिळलं. मी एकेका घरात जाऊन त्यांना चोर म्हणत होते, आणि चोर मी होते. ते भिंतीपलीकडे पाणी घालत ऐकत होते. माफी मागायची सोयसुद्धा ठेवली नाही. आता कुणाकडे मागू?

सुनील म्हणाला, भिंत असू द्या. मी ऐकलं नाही. मला त्यांचं काही नको होतं. गवंडी लावून मी भिंत पाडली. काळा दगड सिमेंट माखलेला निघाला, तो मी घासून धुतला आणि होता तिथे बसवला.

परवा मंगळवारी मी सकाळपासून फाटकाकडे बघत होते. कडी वाजली नाही. शेवटी त्यांच्या वाफ्यातून दोन झेंडू तोडले. एक काळ्या दगडावर ठेवला, एक त्यांच्या सवयीप्रमाणे लाल दगडावर. हात जोडायला गेले आणि आठवलं, इथे अण्णांनी कधी हात जोडलेच नव्हते. फूल ठेवून ते नुसते उभे राहायचे, आणि त्या दगडापासून माझ्या भिंतीपर्यंतचे दोन हात नजरेने मोजायचे.