तिन्ही सुनील

बॅकअप काकांच्या जेवणाच्या डब्याला तीन खण होते. खालच्या दोनांत पोळी-भाजी आणि वरच्यात प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली फ्लॉपी. फरीदाबादच्या आमच्या कारखान्यातल्या सगळ्या कामगारांची माहिती रोज अशी वांग्याच्या भाजीसोबत घरी जायची. देश खुला झाला, ऑफिसात नवे कंप्यूटर आले, आम्हा पोरापोरींची भरती झाली; आणि आम्हाला शिकवायला कोण, तर हा भंडाऱ्याचा, दोन बोटांनी टाइप करणारा माणूस! मला त्यांची लाज वाटायची.

मी दिल्लीत सरोजिनी नगरला मामाच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहत होते. काचेच्या दरवाजाच्या क्लासमध्ये सहा महिन्यांचा कोर्स केलेला, त्यामुळे डोक्यात हवा. काकांच्या टिप्स म्हणजे खाष्ट सासूच्या सूचना. "प्रयोग नकलेवर कर, अस्सलावर नको." "पुसायच्या आधी निवडून डोळ्यांनी बघ." "माणूस नावाने ओळखू नको, नंबर दे." स्क्रिप्टची प्रत्येक ओळ आधी पाठकोऱ्या कागदावर लिहायला लावत. मी ते कागद बोळा करून टाकायचे. त्यांनाही माझं काही कौतुक नव्हतं. "अक्कल आहे गं तुला," ते म्हणायचे, "पण रोज घरी ठेवून येतेस."

एकदा ठेकेदाराकडच्या कामगारांना कायम करायची यादी निघाली. यादीत बरीच नावं दोनदोनदा पडली होती आणि साहेबांना ती लगेच साफ हवी होती. काका त्या दिवशी रजेवर. मी पाच ओळींची स्क्रिप्ट लिहिली: नाव आणि वडिलांचं नाव सारखं असेल तर एक ठेव, बाकीचे पुस. आमच्या अमरावतीत एवढं जुळलं की माणूस तोच. अर्ध्या मिनिटात यादी साफ! "काकांना आठवडा लागला असता," असं मी साहेबांना हसत हसत सांगितलंही. यादी गेटवर लागली.

सोमवारी खिडकीशी तीन माणसं उभी. तिघांचं नाव सुनील कुमार, तिघांच्या वडिलांचं राम लाल.

"मैडम, लिस्ट में एक ही सुनील है। कौन-सा वाला है?"

"बाकी डुप्लिकेट हैं," मी म्हणाले.

त्यातला वयाने मोठा चिडलासुद्धा नाही. "डुप्लिकेट नहीं हैं जी, हम तीनों हैं। गिन लीजिए।"

इतकं खुजं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

काकांनी डबा उघडला. फ्लॉपीला फोडणीचा वास येत होता. पुसलेली चौदा माणसं तिच्यातून परत आली. साहेबांपाशी काका एक अक्षर बोलले नाहीत, पण नवी यादी मला गेटवर न्यायला लावली. एकेक नाव वाचायचं, एकेक चेहरा बघायचा आणि त्याच्यासमोर नंबर घालायचा. मी रडायला लागले तेव्हा म्हणाले, "रडून डेटा येत नाही. जा."

काही वर्षांनी गुडगावहून नवं सॉफ्टवेअर आलं आणि काका निवृत्त झाले. शाल, समोसे, साहेबांचं भाषण. काकांनी ते तोंडात कडू गोळी धरल्यासारखं ऐकलं. मी गेटपर्यंत सोडायला गेले. तोवर मी मोठी मॅडम झाले होते, म्हणून मोठ्या मनाने विचारलं, "काका, जाताजाता एखादी टिप?"

"तिन्ही सुनील आहेत ना अजून?"

"असतील की."

"असतील?" पहिल्या दिवशी बघितलं होतं तसंच त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि डबा सांभाळत बसमध्ये चढले. पुन्हा भेट नाही.

मी ऑफिसात गेले नाही, सरळ कारखान्याच्या मशीन-शॉपमध्ये शिरले. दोन सुनील मशिनीवर होते. तिसरा दिवाळीला गावी गेला तो तिकडेच तापाने वारला, असं त्यांनी सांगितलं. होळी जवळ आली होती. माझ्या कंप्यूटरवर तो अजून रजेवर होता.