लाल ठिपक्याची पुंगळी

काकूंचा फोन आला तेव्हा मी लंडनबाहेरच्या ब्रॅकनेलमध्ये ऑफिसच्या कार पार्कमध्ये गाडी लावत होते. "अगं, हे गेले," एवढंच त्या म्हणाल्या आणि लगेच पुढे, "तू आधी नीट पार्क कर. मग बोल." मी नीट पार्क केली, इंजिन बंद केलं, हँडब्रेक ओढला. मग तीच गाडी पुन्हा बाहेर काढून त्यांच्या घरी, वेम्बलीच्या रस्त्याला लागले. कुणाला काय कळवायचं, याची यादी मोटरवेवरच डोक्यात सुरू झाली होती. रडायला मात्र त्या यादीत जागा नव्हती.

या गोष्टीला काही आठवडे झाले. काकूंनी सगळी कागदपत्रं माझ्या हातात दिली, कारण त्यांचा मुलगा रोहित लीड्सला असतो आणि फॉर्म दिसला की तो गोंधळतो. अपंगांच्या पार्किंगचा ब्लू बॅज परत पाठवला, पेन्शनवाल्यांना कळवलं, ब्रॉडबँड काकूंच्या नावावर केला, सर्जरीला, म्हणजे डॉक्टरांच्या दवाखान्याला, सांगितलं, तरी त्यांनी फ्लूच्या इंजेक्शनची आठवण पाठवली, मग पुन्हा सांगितलं. यादीतल्या सगळ्या ओळींवर काट मारून झाली. एक राहिली आहे... ‘शेडमधलं पितळ.’ तिथे आले की मला उठून दुसरं काहीतरी करावंसं वाटतं. परवा मी माझा फ्रिज पुसून काढला. हा लेखही बहुधा त्यातलाच प्रकार.

मधूकाका, म्हणजे डॉ. मधुकर, माझ्या वडिलांचे मिरजेच्या मेडिकल कॉलेजमधले दोस्त. आयुष्यभर इथल्या हॉस्पिटलांत भूल देण्याचं काम केलं. मी नोकरीसाठी इंग्लंडला निघाले तेव्हा बाबांनी एकच फोन नंबर दिला होता. "मधू थोडा विक्षिप्त आहे, पण वेळेचा पक्का." पहिल्याच रविवारी जेवायला गेले तर काका घरात नव्हते. काकूंनी बागेकडे बोट दाखवलं. "शेडमध्ये आहेत. पुंगळ्यांची श्रावणी चालली आहे."

हे नीट सांगायला हवं. काकांना नेमबाजीचा नाद होता. पूर्वी ते पिस्तूल चालवायचे. या देशात पिस्तुलांवर बंदी आली तेव्हा निमूटपणे ते जमा करून आले आणि मग त्याच पिस्तुलाची काडतुसं चालतील अशी एक आखूड रायफल परवान्यावर घेतली. आता काडतूस उडालं की गोळी जाते आणि मागे पितळेची पुंगळी उरते. ती टाकून द्यायची नसते. ती साफ करून, आकारात आणून, पुन्हा भरता येते, अनेकदा. अडचण एवढीच, की सगळ्या पुंगळ्या एका गुणाच्या नसतात. एका कारखान्याची जाड, दुसऱ्याची पातळ. एक दहा वेळा भरून निमूट राहते, दुसरी तिसऱ्या वेळीच तोंडाशी तडकते. त्यातून क्लबच्या रेंजवर जमिनीवर पडलेल्या पुंगळ्या गोळा केल्या, की कुठली कुणाची आणि किती वेळा भरलेली, देव जाणे.

काकांकडे याची पद्धत होती. ईलिंग रोडवरच्या भारतीय दुकानांतून आणलेल्या श्रीखंडाचे रिकामे डबे फळीवर ओळीने मांडलेले, प्रत्येक डबा एका कारखान्याचा, आणि डब्यांवर त्यांच्याच अक्षरात नावं. ‘सरळमार्गी.’ ‘चिडके.’ ‘एकारान्त, शिस्तीचे पण ताठ.’ एका डब्यावर ‘जावई’ असं होतं. मी विचारलं, तर म्हणाले, "बघायला झकपक, कामाला घेतलं की कुरकुर." काकू मागून म्हणाल्या, "माझे वडील असंच म्हणायचे." काका हसले आणि हातातल्या पुंगळ्या कानाशी नेल्या.

कारण डबे ही फक्त पहिली चाळणी होती. खरी परीक्षा कानाची. मूठभर पुंगळ्या घ्यायच्या आणि हाताच्या ओंजळीत खुळखुळवायच्या. धड पितळ घंटेसारखं वाजतं. त्यात एखादी तडकलेली असेल, डोळ्याला दिसणारही नाही इतकी बारीक, तर त्या किणकिणाटात एक भद्द आवाज येतो. माठ घेताना आपण टिचकी मारतो, तसंच हे. काकू ईलिंग रोडवर नारळ घेताना काका त्यांच्यावर हसायचे आणि घरी येऊन स्वतः तेच करायचे.

मला तो आवाज कळायला बरेच रविवार लागले. मी कामाने प्रोजेक्ट मॅनेजर, यादी केली की मला बरं वाटतं, आणि ती शेड ही माझ्या डोक्यापेक्षाही व्यवस्थित अशी इंग्लंडमधली एकमेव जागा होती. मी क्लबची मेंबर झाले, रीतसर परवाना घेतला, पोलीस घरी येऊन माझं बंदुकीचं लोखंडी कपाट हलवून बघून गेले. माझ्या नवऱ्याने फक्त एवढंच विचारलं, "भरतकाम वगैरे काही नाही का जमणार तुला?"

काका चुकत नव्हते असं नाही. एकदा पुंगळ्यांवर काळे डाग फार होते. काकू देवाची समई आणि तांब्या चिंच-मिठाने घासत होत्या, त्यावरून काकांना सुचलं. पितळ ते पितळ! त्यांनी ‘सरळमार्गीं’चा अख्खा डबा चिंचेच्या कोळात मीठ घालून भिजत टाकला आणि क्रिकेट बघायला बसले. टेस्ट मॅच रंगली. दुसऱ्या दिवशी त्यांना आठवण झाली, तेव्हा पुंगळ्या गुलाबी झाल्या होत्या. आंबटाने पितळातलं जस्त खाल्लं होतं आणि वर नुसतं तांबं उरलं होतं. रेंजवर कीथ नावाचा त्यांचा जुना जोडीदार असायचा, निवृत्त ट्रेन ड्रायव्हर. त्याने एक पुंगळी हुंगून बघितली. "Doc, it smells like chutney." काकांनी त्याला चिंच म्हणजे काय हे गंभीरपणे समजावून सांगितलं आणि घरी येऊन त्या सगळ्या पुंगळ्या भंगारात टाकल्या. "देवाच्या समईवर दाब येत नाही," ते मला म्हणाले. "तिला काय, नुसतं उभं राहायचं असतं."

पण सगळ्यात महत्त्वाची होती ती लाल ठिपक्याची पुंगळी. काकांनी तोंडाशी तडकलेली एक पुंगळी मुद्दाम जपून ठेवली होती, तिच्या बुडावर काकूंच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका. काम सुरू करण्याआधी ती चार चांगल्या पुंगळ्यांत मिसळायची, डोळे मिटायचे आणि खुळखुळवायचं. भद्द आवाज आला, की आपले कान जागेवर आहेत. मग कामाला लागायचं. नाही आला, तर दिवा बंद करून घरात जाऊन चहा प्यायचा. "पहिला पेशंट टेबलवर यायच्या आधी मी मशीन तपासायचो," ते म्हणायचे. "इथे मशीन म्हणजे मी."

आणि त्यांनी मला एक काम लावून दिलं होतं. "ज्या दिवशी मी पास केलेल्या पुंगळ्यांच्या वाटीत तुला फुटकी सापडेल, त्या दिवशी मला सांगायचं. काकूला नाही, रोहितला नाही. मला. आणि त्याच दिवशी."

"आणि तुम्ही चिडलात तर?"

"चिडेन की. तरी सांगायचं."

काकांना कमी ऐकू येतं हे काकू कितीतरी वर्षं सांगत होत्या. टीव्ही शेजारच्यांना ऐकू जायचा. काकू "भात वाढू का?" विचारायच्या आणि काका "हो, मंगळवारी" म्हणायचे. कानाला यंत्र लावायला मात्र साफ नकार. "मला सगळं ऐकू येतं. लोकच हल्ली पुटपुटतात." मग गेल्या वसंतात एका रविवारी मी शेडमध्ये शिरले आणि दारातच थांबले. काका लाल ठिपकेवालीची परीक्षा करत होते. त्यांचे डोळे उघडे होते. त्यांनी मूठ हलवली, मान डोलावली, आणि बघून, नेमका लाल ठिपका निवडून, ती बाजूला ठेवली.

डोळे मिटायला एखाद्या दिवशी कुणीही विसरेल, असं मी स्वतःला सांगितलं. पण त्या दुपारी त्यांनी पास केलेली स्टीलची वाटी माझ्याकडे आली, मी सवयीने मूठ भरून हलवली, आणि आला. तोच भद्द आवाज. एकेक करून मी ती शोधली. केसाएवढी चीर, तोंडापासून खाली उतरलेली.

मी ती तळहातावर घेऊन उभी राहिले. बाहेर काकू कपडे वाळत घालत होत्या. ती खिशात टाकणं किती सोपं होतं...

"काका, ही तुमच्या वाटीत होती."

त्यांनी ती घेतली, चष्मा वर सरकवला, खिडकीच्या उजेडात धरली. बराच वेळ. मग चांगल्यांत मिसळून माझ्या हातात दिली. "वाजव." ते भिंतीकडे तोंड करून, डोळे मिटून उभे राहिले. मी वाजवली. "अजून." मी वाजवली. "जोरात वाजव गं, घाबरतेस काय." मी जोरात वाजवली. शेडभर किणकिणाट झाला आणि त्यात ती भद्द भद्द बोलत होती. काका तसेच उभे.

"वाजवलीस?" त्यांनी विचारलं.

"हो."

ते वळले. चिडले नाहीत. ते चिडले असते तर मला आज बरं वाटलं असतं. त्यांनी दिवा बंद केला आणि म्हणाले, "चल, चहा घेऊ."

त्याच आठवड्यात त्यांनी स्वतः फोन करून बंदुकांच्या डीलरला बोलावलं, रायफल आणि भरलेली काडतुसं त्याच्या ताब्यात दिली, परवाना पोलिसांना परत पाठवला. मी कीथला हे सांगितलं तर तो थक्क झाला. "For one split neck? We all fire the odd split one, love. Nothing happens." तोंडाशी तडकलेली एखादी पुंगळी सगळेच उडवतात, काही होत नाही, असं त्याचं म्हणणं. ते खरंही आहे, मला माहीत होतं. तेव्हापासून हे वाक्य माझ्या डोक्यात फिरतं आहे. काही होत नसेल, तर मी त्यांचे रविवार का काढून घेतले? एक पुंगळी खिशात टाकली असती, तर शेवटचा उन्हाळा त्यांना रेंजवर मिळाला असता. मी कपाट आवरताना हा विचार करते, गाडी चालवताना करते, मीटिंगमध्ये करते. पक्कं उत्तर येत नाही. त्यांनी सांगितलेलं मी केलं, हे उत्तर आहे की सबब, तेही ठरत नाही.

पुढे जे झालं तेही लिहिलं पाहिजे, नाहीतर हिशेब एकांगी होईल. महिनाभराने काका आपण होऊन ऑडिओलॉजीला गेले आणि दोन्ही कानांत यंत्रं घेऊन आले. पहिल्या दिवशी त्यांना फ्रिजचा आवाज ऐकू आला, तर त्यांना वाटलं तो बिघडलाय. मी भेटायला गेले तेव्हा मला शेडमध्ये घेऊन गेले. लाल ठिपकेवाली चांगल्यांत मिसळली, डोळे मिटले, हात हलवला. चेहरा असा उजळला की...

"आली!" ते म्हणाले. "ही काय, बोलतेय की."

"मग काका? परत अर्ज करायचा का? मी फॉर्म भरते."

"नको." त्यांनी ती माझ्या हातात ठेवली. "बॅटरीवर चालणारा कान आहे हा. पेशंटच्या बाबतीत मी असं चालवून घेतलं नसतं. आता मला बाकीचं ऐकू दे. तू सांभाळ ही."

परवा मी हे सगळं काकूंसमोर बोलून टाकलं. कीथचं वाक्य, माझं डोकं, सगळं. काकू मेथी निवडत होत्या. त्यांनी निवडणं थांबवलं नाही. "मी वर्षानुवर्षं सांगितलं, ऐकलं नाही यांनी. त्या पुंगळीचं ऐकलं," त्या म्हणाल्या. "शेवटच्या महिन्यांत आम्ही किती बोललो अगं. म्हणजे बोलत तर मी आधीही होतेच..." मग जुडी माझ्याकडे सरकवली. "रविवार त्यांचे गेले, हे खरंय. मला मिळाले. आता तू ठरव." मी मेथी निवडू लागले.

रोहितचा फोन आला. "ताई, आईला ती शेड रिकामी पाहिजे. Just take it to the tip, it's only brass." नुसतं पितळ, कचरा डेपोत टाकून ये, हे बरोबर आहे त्याचं. मी भंगारवाल्याला फोन केला. तो म्हणाला, घेतो, पण त्यात जिवंत काडतूस एकही नाही ना, हे बघून आणा. म्हणून काल डबे घरी आणले आणि स्वयंपाकघराच्या टेबलावर ओतले. ‘सरळमार्गी’, ‘चिडके’, ‘जावई’, सगळे एका ढिगात. एकेक उचलून रिकामी आहे की नाही बघायची, एवढंच काम होतं. नवरा आत आला तेव्हा माझ्यासमोर दोन वाट्या होत्या आणि मी मूठ हलवत होते.

"हे सगळं वितळवणार आहेत ना?" तो म्हणाला. "मग चांगलं-वाईट कशाला निवडतेस?"

मी पुढची मूठ भरली. निम्मा ढीग अजून टेबलावर आहे, आम्ही सोफ्यावर जेवतो आहोत, आणि यादीतली ती ओळ तशीच आहे. सुरुवात मात्र मी त्यांच्या रीतीने केली होती. काकांनी दिल्यापासून माझ्या खिडकीत ठेवलेली लाल ठिपकेवाली घेतली, चारांत मिसळली, डोळे मिटले.

आली.

मग कामाला लागले.