बुडबुड्यांना वाट कुणी दिली

आज सेमिनारमध्ये मी खोटं बोलले आणि त्यावर टाळ्या मिळाल्या.

आम्ही लॅबमध्ये पाण्यात वीज सोडून हायड्रोजन काढतो. माझी अडचण अशी की वायूचे बुडबुडे पाण्यातल्या धातूच्या प्लेटला चिकटून बसायचे आणि हायड्रोजन कमी निघायचा. चार महिने मी कॉम्प्युटरवर पाण्याच्या प्रवाहाची गणितं, म्हणजे सिम्युलेशन, करत होते.

मग एकदा आमचे टेक्निशियन लिमयेकाका म्हणाले, “अहो मॅडम, बुडबुडे वर जाणार आणि पाणी तुम्ही वरून सोडताय. अरुंद जिन्यात दोघांनी समोरासमोर यायचं कशाला? खालून सोडून बघा.”

सोडलं. प्लेट मोकळी झाली.

आज सेमिनारमध्ये माझ्या गाइड सरांनी सगळ्यांसमोर विचारलं, “हे सुचलं कसं?” माझ्या तोंडून निघालं, “सिम्युलेशनवरून.” काका मागे प्रोजेक्टरपाशीच उभे होते.

संध्याकाळी त्यांनी रोजच्यासारखंच माझं प्रयोगाचं भांडं धुऊन ठेवलं. निघताना डबा पिशवीत टाकत एवढंच म्हणाले, “सिम्युलेशनला माझा नमस्कार सांगा.”

कर्वेनगरला घरी येऊन सरांना मेल लिहिलाय, अजून पाठवलेला नाही. खोटं मी भरल्या हॉलमध्ये बोलले. खरं एकट्या सरांना मेलवर सांगून भागेल का?