कोपराची खूण

वहिनींचं हाडवैर होतं ते त्यांच्या स्वयंपाकघरातल्या ओट्याशी. नवऱ्याशीही होतं, पण तो नंबर दुसरा. काळ्या ग्रॅनाइटचा, कडा गोल केलेला, येणाराजाणारा हात फिरवून बघेल असा देखणा ओटा होता तो, आणि वहिनींच्या जवळजवळ छातीला लागत होता. कांदा चिरायचा तर हात खांद्यापासून उचलावा लागे. मोठ्या पातेल्यात काय शिजतंय ते बघायला टाचा वर कराव्या लागत. शेवटी त्यांनी कारखान्यातून प्लायवुडचे वाया गेलेले तुकडे आणले, एकावर एक ठोकले आणि चार बोटं जाडीची एक फळी करून घेतली. त्या फळीवर उभं राहून त्या अकरा वर्षं स्वयंपाक करत होत्या. तरीही उजवा खांदा गेलाच. डॉक्टर म्हणाले, "हात उंच धरून काम करू नका." वहिनी म्हणाल्या, "हे माझ्या नवऱ्याच्या नावाने लिहून द्या." डॉक्टर हसले. वहिनींनी विनोद केलेला नव्हता.

यातली मेख अशी, की वहिनींचे यजमान घरं सजवून देण्याचा धंदा करत होते आणि शहरभर त्यांचं नाव होतं ते नेमकं ओट्यांसाठी! कामगार त्यांना साहेब म्हणत. वहिनीही साहेबच म्हणत, पण त्यांच्या तोंडून तो शब्द शिवीसारखा यायचा.

साहेबांची एक खासियत होती. नव्या गिऱ्हाइकाकडे गेले की ते स्वयंपाकघराच्या दारात थांबत, घरातल्या बाईकडे एक डोळा मिटून बघत, खिशातली पेन्सिल काढत आणि भिंतीवर एक आडवी रेघ मारत. मग म्हणत, "या ताई, इथे उभ्या राहा. हात कोपरात वाकवा." बाई उभी राहायची आणि कोपर त्या रेघेला टेकायचं. बरोब्बर. टेप नाही, पट्टी नाही, नुसती नजर. तिथून वीतभर खाली तिचा ओटा. बायका थक्क व्हायच्या. एकजण तर तिथेच रडली होती, "इतक्या वर्षांत मला कुणी विचारलंसुद्धा नव्हतं हो." रडणाऱ्या बाईचा नवरा मग भावात घासाघीस करत नाही. काम खिशात.

आता हे कोपराचं मूळ कुणाचं, ते सांगायलाच हवं. धंदा नवा होता तेव्हा हे दोघं भाड्याच्या एका खोलीत राहत, आणि तिथला ओटा इतका बुटका होता की वहिनींची कंबर मोडायची. एके दिवशी कणीक मळता मळता त्या कडाडल्या, "हा बांधणाऱ्याने जन्मात कणीक मळली नसणार! कोपर बघून बांधायला नको का मेल्याने?" साहेब तेव्हा नुसती कपाटं करत. त्यांनी ते वाक्य उचललं आणि दुसऱ्याच दिवशी एका गिऱ्हाइकासमोर टाकलं. पुढे वर्तमानपत्रात त्यांची मुलाखत आली. त्यात ते म्हणाले, "मला एकदा अचानक सुचलं." वहिनींनी ते पान नीट कापलं आणि मसाल्याच्या खणात अंथरलं, म्हणजे रोज त्यावर हळद सांडेल.

बाकीचा धंदाही वहिनींनीच वाढवला. शोरूमच्या मागे काचेची एक केबिन होती, तिथे त्या बसत. चित्रावर गिऱ्हाइकाची सही आल्याशिवाय लाकडाला करवत लावायची नाही, हा नियम त्यांचा. एका घरात लागणारा सनमायका एकाच खेपेत आणायचा, नाहीतर दोन दारांचे दोन रंग दिसतात, हाही त्यांचाच. पहिल्या बैठकीला घरातली बाई हजर नसेल तर ते काम घ्यायचंच नाही, कारण नंतर तीच सगळं फिरवते. सुतार रोजंदारीवर न आणता कायमचे ठेवले तेही त्यांनी, आणि घर ताब्यात दिल्यावर महिन्याभराने एक माणूस पाठवून कुरकुरणाऱ्या बिजागऱ्या फुकट सारख्या करून द्यायच्या, हेही त्यांनीच सुरू केलं. त्या बिजागऱ्यांनी जेवढी कामं आणली तेवढी जाहिरातींनी आणली नाहीत. साहेबांचा वाटा म्हणाल तर अत्तर आणि पेन्सिल.

आणि हो, साहेबांचा स्वतःचाही एक नियम होता: काही फेकायचं नाही. गिऱ्हाइकाने मन बदललं, रंग आवडला नाही, लग्न मोडलं, बदली झाली, की तयार झालेली वस्तू टेम्पोत बसून थेट साहेबांच्या घरी यायची. "तात्पुरती राहू दे," साहेब म्हणायचे. दिवाणखान्यात एक गोल टेबल होतं, कुणाच्या तरी दारातून आत न गेलेलं. न्हाणीघरातला आरसा कुणा सहा फुटी माणसासाठी होता. त्यात वहिनींना फक्त स्वतःचा भांग दिसायचा. पलंगाच्या उशाला दोन अक्षरं कोरलेली होती, साखरपुडा मोडलेल्या कुणा जोडप्याची. म्हणजे बाई इतकी वर्षं दुसऱ्याच कुणाच्या नावाखाली झोपत होती. जगाला हवं ते घर करून देणाऱ्याच्या स्वतःच्या घरात जगाने नाकारलेलं सगळं गोळा झालं होतं. ओटाही त्यातलाच, बास्केटबॉल शिकवणाऱ्या एका ताडमाड बाईसाठी खालच्या कपाटांसकट केलेला. तिने ऐनवेळी शहर सोडलं आणि ओटा वहिनींच्या गळ्यात पडला.

"एवढं काम संपू दे, मग तुझा ओटा," साहेब दरवर्षी म्हणत. काम संपे, दुसरं येई.

मग आल्या हॉस्पिटलवाल्या बाई. त्यांची तीन हॉस्पिटलं होती आणि नर्सांना राहायला त्या एक आख्खी इमारत बांधत होत्या. प्रत्येक खोलीला स्वयंपाकघर. एवढं मोठं काम साहेबांनी स्वप्नातही पाहिलं नव्हतं. बाई शोरूम फिरल्या, चकचकीत नमुने पाहिले आणि म्हणाल्या, "हे दाखवायचं झालं. तुमच्या स्वतःच्या घरचं स्वयंपाकघर दाखवा. रविवारी येते."

साहेबांचं हसू जराही हललं नाही. "अवश्य या! बायकोच्या कोपरापासूनच तर सुरुवात झाली आपली."

काचेपलीकडे वहिनींनी ऐकलं आणि त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा खरं बोलला, तेही खपवायला!

घरी आल्यावर साहेबांनी सूचना द्यायला सुरुवात केली.

"ती फळी रविवारी गच्चीवर टाक."

"आणि चहा कसा करू? लोंबकळत?"

"चहा बाहेरून मागवू. तू आपली टेबलाशी बसून राहा. उठूच नकोस."

"ओटा काढा," वहिनी म्हणाल्या. "रविवारला अवकाश आहे. माणसं आपली, दगड आपला."

"आत्ता? वेड लागलंय का तुला? हे काम मिळू दे, मग तुझा—"

"माझा ओटा अजून किती कामांच्या मागे रांगेत आहे, ते तरी सांगा."

"अगं, एवढं काय त्याचं? सवय झालीय तुला आता." आणि वर मस्करी केली, "खरं सांगू? फळीवर छान दिसतेस तू. उंच."

वहिनी गप्प झाल्या. साहेबांना वाटलं, मिटलं. बायको पटून गप्प बसली की पेटून, एवढं ज्याला संसारात कळलं नाही, तो लोकांची स्वयंपाकघरं करत फिरत होता!

खरं सांगायचं तर वहिनींना ओट्यापेक्षा पेन्सिल जास्त टोचत होती. ओटा त्यांनी शंभरदा मागितला होता, भांडून मागितला होता. पेन्सिल कधीच मागितली नाही. पूर्वी त्या साहेबांबरोबर गिऱ्हाइकांकडे जात, तेव्हा दारात उभ्या राहून बघत. हा माणूस परक्या बाईकडे किती लक्ष देऊन बघतो, किती हळू रेघ ओढतो! वाटायचं, एक दिवस घरीही म्हणेल, ये, उभी राहा इथे. तो दिवस आला नाही, आणि असलं काही मागून घ्यायची लाज वाटत होती. मग त्यांनी गिऱ्हाइकांकडे जाणंच सोडलं आणि केबिन धरली.

रविवारी सकाळी साहेब अत्तर लावून बाईंना आणायला गेले. गाडी वळली तसा वहिनींनी मिस्त्रींना फोन केला. मिस्त्री म्हणजे कारखान्यातले सगळ्यांत जुने सुतार, सगळ्या माणसांचे मुकादम. ते चार जणांना घेऊन आले आणि ओट्याकडे बघत उभे राहिले.

"वहिनी, साहेबांना विचारलंय?"

"तुमच्या हजेरीवर सही कोण करतं?"

"तुम्ही."

"मग छिन्नी काढा. आणि वरचा दगड फोडू नका, आख्खा उचला. काही फेकायचं नाही, माहीत आहे ना?"

मिस्त्रींनी एकदा वहिनींच्या खांद्याकडे पाहिलं. गॅस बंद केला, नळ बंद केला. दगड उचलून चौघांनी तो बाहेरच्या भिंतीला टेकवला आणि खालच्या, भिंतीत चिणलेल्या कपाटांवर घाव बसू लागले. पहिल्याच घावाला वहिनींना इतकं बरं वाटलं की त्यांनी स्वतः हातोडा मागून घेतला. दुखऱ्या खांद्याने चारदोन घाव घातले. खांदा ठणकला. ठणकू दे.

साहेब बाईंना घेऊन आले तेव्हा घरभर धुरळा होता. स्वयंपाकघरात ओट्याच्या जागी उघडी भिंत आणि नळाची तोंडं. वहिनी मधोमध उभ्या, केसांत चुना, हातात हातोडा. बाहेरून मागवलेला चहा दारात निवत होता.

साहेबांचा चेहरा पडला, पण क्षणभरच. तोंडाच्या जोरावर तगलेला माणूस तो. "बघा ताई!" ते टाळी वाजवून म्हणाले. "मुद्दाम आजचा दिवस धरला. घरचा ओटा नवा करतोय, आणि त्याची पहिली खूण तुमच्या देखत करायची होती!"

आणि त्यांनी खिशातून पेन्सिल काढली.

वहिनींना स्वतःचाच राग आला, कारण ती पेन्सिल बघून त्यांचा ऊर भरून आला होता. हे सगळं परक्या बाईसाठी चाललंय, काम मिळवायला चाललंय, हे कळत असूनही. त्यांनी हातोडा खाली ठेवला.

साहेब दारात गेले. एक डोळा मिटला. बायकोकडे बघितलं, तसंच, जसं गिऱ्हाइकाकडे बघत. मग पुढे होऊन उघड्या भिंतीवर ठासून एक रेघ ओढली. "या," ते म्हणाले, सवयीने, बायकोला. "उभ्या राहा इथे. हात कोपरात वाकवा."

वहिनी उभ्या राहिल्या. हात वाकवला. रेघ कोपराच्या चांगली चार बोटं वर होती.

साहेब हसले. "ताठ उभी राहा ना जरा."

वहिनी ताठच होत्या.

"अगं, मग... टाचा वर कर थोड्या."

मिस्त्रींनी मान खाली घातली. हॉस्पिटलवाल्या बाईंच्या भुवया वर गेल्या. वहिनींनी मात्र टाचा वर केल्या नाहीत. कोपऱ्यात ती प्लायवुडची फळी पडली होती, गच्चीवर न गेलेली. त्यांनी ती पायाने ओढली, भिंतीशी आणली आणि तिच्यावर चढून पुन्हा हात वाकवला. कोपर रेघेला टेकलं. बरोब्बर.

"नजर चुकली नाही तुमची," वहिनी म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता, आणि त्यामुळेच साहेब एक पाऊल मागे सरकले. "ऑफिसात मी बसलेली असते. घरी तुम्ही माझ्याकडे बघता ते चहा मागायला, तेव्हा मी या फळीवर असते. जमिनीवर उभी असलेली बायको तुम्ही पाहिलीच नाहीत."

साहेबांनी रेघेकडे पाहिलं, मग फळीकडे.

"नर्सांच्या ओट्यांची मापं कोण घेणार?" हॉस्पिटलवाल्या बाईंनी विचारलं. विचारलं ते वहिनींना.

"मी घेईन. पण ते उद्या बोलू," वहिनी म्हणाल्या. "आज माझं आहे."

त्या फळीवरून खाली उतरल्या. साहेबांच्या बोटांतून पेन्सिल काढून घेतली आणि मिस्त्रींच्या हातात दिली. मिस्त्रींनी वरची रेघ ओल्या फडक्याने पुसली, वहिनींच्या कोपराशी वाकून दुसरी ओढली आणि तिथून वीतभर खाली ओट्याची खूण केली. वहिनींनी ती बराच वेळ बघितली. डोळे भरले होते, ते त्यांनी चुन्याच्या हातानेच पुसले.

"आणि मिस्त्री," बाहेर जाता जाता त्या म्हणाल्या, "तो काळा दगड शोरूममधल्या साहेबांच्या केबिनमध्ये न्या. इथे होता तेवढ्याच उंचीचे पाय लावा, बोटभरसुद्धा कमी नको. आत्ताचं टेबल काढून तोच बसवा."

"वहिनी, साहेबांच्या हनुवटीला लागेल तो," मिस्त्री चाचरत म्हणाले. "खुर्चीत बसून लिहिणार कसं?"

"सवय होईल," वहिनी म्हणाल्या. "तात्पुरता आहे."