फोटोखालचं नाव

सुनेनं कांद्यासाठी व्हिनेगरची बाटली उघडली आणि बारामतीतली माझी डार्करूम आठवली. पन्नास-पंचावन्न सालची गोष्ट. फोटो धुताना माझ्या बोटांना हाच आंबट वास असायचा.

नीरा-भीमेच्या संगमात कमरेइतक्या पाण्यात कॅमेऱ्याचा स्टँड रोवून मी नरसिंहपूरच्या देवळाचा फोटो काढला होता. काचेच्या निगेटिव्हवर उलट्या अक्षरांत माझं नाव लिहिलं, म्हणजे फोटोत ते सुलट उमटायचं. जवळच्या लासुर्णे गावच्या तात्यांनी तो फोटो माझ्याकडून नेला आणि फ्रेम करून त्यांच्या गावच्या देवळात लावला. बघायला गेलो, तर खालची नावाची पट्टीच कापलेली!

"तात्या, माझं नाव कुठं गेलं?"

"देवाच्या फोटूखाली माणसाचं नाव बरं दिसतं व्हय? तुमी नुसतं बटण दाबलं. देऊळ काय तुमी बांधलं न्हाय."

आणि त्याच फ्रेमच्या खालच्या लाकडावर ऑइलपेंटनं तात्यांचं वडिलांसकट पूर्ण नाव रंगवलेलं: यांजकडून सप्रेम भेट.

माझी कानशिलं तापली. इतकी वर्षं मी तात्यांच्या नावानं बोटं मोडत आलो. आज मात्र स्वतःचाच संताप येतो. कारण तात्यांनी चहा मागवला आणि मी तिथंच, त्या फ्रेमखाली बसून तो प्यालो. वर "झकास झालाय" असंही म्हणालो.