आवडीचा रकाना

आमच्या शाळेत मुलींना एकमेकींची आवड विचारायची भारी हौस होती. आवडतं गाणं, आवडता हिरो, आवडती मिठाई. उत्तर चुकलं तर मार्क जात नसत, मैत्रीण जात असे. मला एकच मैत्रीण होती, बाकावर शेजारी बसणारी; म्हणून मी जपून बोलत असे. आई मला घुमी म्हणे. पुढं कॉलेजच्या वाचनालयात एका जाड इंग्रजी पुस्तकात ‘ऑटिस्टिक’ हा शब्द भेटला. लिहिलेलं लहान मुलांविषयी होतं, पण ओळख पटली. शाळेत मात्र शब्द नव्हता, नुसती भीती होती.

रेडिओवर आठवड्यातून एकदा सिनेमाच्या गाण्यांची क्रमवारी लागे. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत दुसरा विषय नसे. मीही ऐकू लागले आणि खरंच रमले. कुठलं गाणं तीन पायऱ्या चढलं, कुठलं पाच आठवडे एकाच जागी बसून राहिलं, याचा मी रंगीत पेन्सिलींनी आलेख काढला. पहिल्यांदाच सगळ्यांना आवडणारं मला आवडत होतं. तो कागद मी शाळेत नेला.

“गाणं ऐकायचं असतं गं, त्याचं गणित कशाला?” एकीनं विचारलं.

“म्हणून दाखव की एखादं,” दुसरी म्हणाली.

मला एकाचीही चाल धड धरता येईना. त्या हसल्या. लोकांना आवडतं तेच आवडून भागत नाही, त्यांना आवडतं तसंच आवडावं लागतं, हे तेव्हा कळलं.

मैत्रीण हसली नाही. घरी जाताना म्हणाली, “मग तुला खरं काय आवडतं ते तरी सांग.”

असं मला कुणी विचारलं नव्हतं. मी तिला आमच्या घरामागे विणकरांच्या मागावर नेलं. तिथं तेलुगू बोलणारं एक कुटुंब चादरी विणायचं. मागाच्या डोक्यावर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरे. जिथं भोक, तिथला दोरा उचलला जाई; पुठ्ठ्यामागून पुठ्ठा सरकत खाली फूल उमटे. सोलापुरात चादरीकडे निरखून कोण बघतं? ती पांघरायची, पाहुण्यांना द्यायची. मला ती भोकं वाचता येत. एकदा पाकळीची कड बिघडत होती, तेव्हा दोन पुठ्ठे मागेपुढे ओवले गेलेत हे मीच शोधून दिलं होतं.

दोऱ्याच्या कांड्या भरत बसलेल्या त्या घरच्या अक्का मैत्रिणीला म्हणाल्या, “ही लई हुशार हाय. आमच्या पोरास्नी न्हाय जमत.”

मग मी बोलत सुटले. खडखडाटात ओरडून, तासभर. बोलताना तिच्याकडे एकदाही पाहिलं नाही, पुठ्ठ्यांकडेच पाहत होते. पाहिलं असतं तर कदाचित थांबले असते.

दुसऱ्या दिवशी वर्गात पाऊल टाकलं तर मागच्या बाकावर कुणीतरी मागासारखा ठेका धरला.

“आली बघा चादर.”

“काय गं, आज किती भोकं मोजलीस?”

हे सांगू शकणारी एकटीच होती, आणि ती माझ्या शेजारी बसली होती. “अगं, गंमत केली,” ती म्हणाली. “लगेच काय मनाला लावून घेतेस?”

मागावर जाणं मी बंद केलं. अक्कांनी दोनदा विचारलं, येईनाशी का झालीस. मी अभ्यासाचं कारण सांगितलं.

वर्ष संपताना मैत्रिणीनं एक वही फिरवली. प्रत्येकीनं एका ओळीत नाव, पत्ता, आवडी लिहायच्या. माझी पाळी आली तेव्हा आवडीच्या रकान्यात मी वरच्या मुलीचं उत्तर जसंच्या तसं उतरवलं: सिनेमाची गाणी, आइस्क्रीम, गुलाबी रंग. परीक्षेत मी कधी कॉपी केली नव्हती.

तिनं वाचलं आणि माझ्या गळ्यात हात टाकला. “बघ, आता कशी आमच्यासारखी झालीस.”

मैत्री टिकली. तिचं लग्न झालं तरी माहेरी आली की भेटून जाते. मला वाटतं, ती भेटायला येते ती वहीतल्या वरच्या ओळीतल्या मुलीला. गेल्या खेपेला तिनं माझ्यासाठी गुलाबी ओढणी आणली. “तुझा रंग,” म्हणाली. मी ती तिच्यासमोरच खांद्यावर घेऊन दाखवली.