बाईच्या गाण्याचा अर्थ

माझा मामा मालवाहू बोटीवर स्वयंपाकी होता. वर्ष-दीड वर्षाने सुट्टी मिळाली की गावी मालवणला जाण्याआधी तो चार दिवस आमच्याकडे मुलुंडला उतरायचा. आमच्या दोन खोल्यांत त्याची पेटी उघडली की साबणाचा आणि कुठल्यातरी परक्या तंबाखूचा वास सुटायचा. मी बारावी पास झाले त्या वर्षी त्याने माझ्यासाठी रेडिओ आणि टेप एकत्र असलेला टू-इन-वन आणला आणि एका जुन्या लुंगीत गुंडाळलेल्या कॅसेटी आणल्या. नुसत्या कॅसेटी. जागा वाचावी म्हणून डब्या आणि त्यांच्यातले कागद त्याने बोटीवरच टाकून दिले होते.

"कुणाच्या आहेत रे मामा?" मी विचारलं.

"माका काय म्हायत? एक दुकान बंद पडत होता. मालकान सगळा टोपलेत घालून भायर ठेवल्यान. म्हटलंय, चेडवाक होतली." चेडू म्हणजे पोरगी, म्हणजे मी.

कॅसेटींवर छापील असं काही नव्हतंच. पांढऱ्या पट्टीवर पेनने आकडे लिहिलेले, एखादीवर एखादं अक्षर. आता कळतं, की ती माणसं घरच्या घरी रेकॉर्डिंग करून, स्वतःच कॉपी काढून विकणारी असणार. तेव्हा मला एवढंच कळलं की यात तबला नाही, पेटी नाही, गिटारसुद्धा नाही. फक्त यंत्रं. टिक-टिक, धप-धप, त्यावर एक लांबलचक सूर, आणि अजिबात घाई नसलेला माणसाचा आवाज.

आई म्हणाली, "तुझ्या बाबांची गिरणी बंद पडली, आता तू घरात चालू केलीस होय?" बाबा तेव्हा भांडुपच्या एका कारखान्यात लागले होते. त्यांनी आवाज कमी कर म्हणून हाताने खूण केली.

पण मला त्या कॅसेटींनी वेड लावलं. सगळं घर झोपाळलेलं असायचं अशा दुपारी मी टू-इन-वन उशीजवळ घेऊन बसायचे. गाणाऱ्यांची नावं माहीत नव्हती, म्हणून मीच ठेवली. एकजण गाण्याच्या मध्येच शिट्टी वाजवायचा, तो शिट्टीवाला. एका कॅसेटवर दोन पुरुषांचे सारखेच आवाज होते, ते दोघे भाऊ. आणि एक होती बाई. तिला नुसतं बाईच म्हणायचे मी. ती जवळजवळ बोलल्यासारखं गायची, चढ नाही, उतार नाही, आणि तरी कॅसेट संपली की मी ती परत पहिल्यापासून लावायचे.

शिट्टीवाल्याचे आणि भावांचे थोडे थोडे शब्द मला कळायचे. रेन, विंडो, टेलिफोन असले. बाईचा एकही शब्द कळायचा नाही. मी मराठी शाळेतली. इंग्रजी पाचवीपासून, तेही मराठीतून शिकलेलं. नाही कळलं तर त्यात नवल काय, असं मला वाटायचं. बाईचं इंग्रजी फार वरच्या दर्जाचं असणार, असा मी मनाशी निष्कर्ष काढला होता.

कॉलेजमध्ये आमच्या वर्गात अर्धी मुलं इंग्रजी शाळांतून आलेली. ती आपापसांत भराभर बोलायची, आणि मी तास संपेपर्यंत वहीत मान घालून बसायचे. त्यांच्यातल्या एकीशी माझी ओळख झाली ती योगायोगाने. घाटकोपरला राहायची, कोकणस्थ घरातली, आणि आदल्याच वर्षी तिची आई गेली होती. ती कॅन्टीनमध्ये डिस्कोच्या कॅसेटींबद्दल बोलत होती आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "त्यापेक्षा माझ्याकडे वेगळंच आहे."

"काय वेगळं?"

"सांगता नाही येणार. ऐकवते."

दुसऱ्या दिवशी मी तिला शिट्टीवाला नेऊन दिला. चार दिवसांनी ती मला जिन्यात शोधत आली. "अगं, हे कसलं भारी आहे! याला इलेक्ट्रो-पॉप म्हणतात, माहितीये? माझ्या चुलतभावाच्या मासिकात आलंय. पण यातलं कुणीच त्यात नाहीये. तुला कुठे मिळालं?"

"माझे मामा शिपिंगमध्ये आहेत," मी म्हटलं. ते खोटं नव्हतं, पण बोटीवर भात शिजवणारा मामा त्या वाक्यात मावत नव्हता, हे मला म्हणतानाच जाणवलं.

तिथून माझे दिवस पालटले. ती आणि तिच्या दोन मैत्रिणी मला त्यांच्यात घेऊन बसू लागल्या. मी सांगायचे, आधी शिट्टीवाला ऐका, मग दोघे भाऊ, आणि बाई अगदी शेवटी, एकटं असताना. कुणाचा मूड गेला असेल तर भावांचं दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं. अभ्यास करताना शिट्टीवाला चालेल, बाई नको. त्या खरंच तसं ऐकायच्या. "आज काय ऐकू गं?" असं मला कुणी विचारावं, तेही फाडफाड इंग्रजी बोलणाऱ्या मुलींनी, हे मला स्वप्नातसुद्धा खरं वाटलं नसतं. वर्गातही मी आता मान वर करून बसायला लागले होते.

मग एकदा घाटकोपरच्या मैत्रिणीने विचारलं, "बाईच्या त्या पहिल्या गाण्यात काय म्हणते गं ती? तिचा ॲक्सेंट काही कळत नाही."

खरं उत्तर सोपं होतं. मलाही कळत नाही, एवढंच म्हणायचं. पण मला वाटलं, मग उरलंच काय माझ्याकडे? आणि त्या गाण्याचं एक चित्र माझ्या डोक्यात त्या दुपारच्या ऐकण्यातून इतकं पक्कं तयार झालेलं होतं, की ते अर्थासारखंच वाटत होतं. मी म्हटलं, "तिच्या घराची किल्ली हरवलीय. ती बाहेर पायरीवर बसलीय. आत कुणी नाही हे तिला माहितीये, पण तरी ती दाराकडे बघतेय, कुणी आतून उघडेल म्हणून."

दुसरी मुलगी लगेच म्हणाली, "हो हो, तसंच काहीतरी मलाही वाटलं होतं."

घाटकोपरची नंतर मला एकटीला म्हणाली, "मी ते गाणं रोज ऐकते. आई गेल्यापासून मला अगदी असंच होतं. कॉलेजातून घरी येते, बेल दाबते, आणि मग आठवतं की आत कुणी नाही." मी तिचा हात धरला. मला तेव्हा जरासुद्धा अपराधी वाटलं नाही. उलट वाटलं की बाईने आम्हा दोघींसाठीच ते म्हटलंय.

पुढे एका रविवारी तिने आम्हा तिघींना घरी बोलावलं. मी बसने गेले, आईची चांगली साडी नेसून. तिच्या घरी मोठा डेक होता, दोन बाजूंना लाकडी पेट्यांचे स्पीकर. बाई पहिल्यांदाच इतकी मोठी, इतकी जवळून ऐकू आली. आम्ही जमिनीवर बसलो होतो. तिचे काका पुण्याहून कामासाठी आले होते, आतल्या खोलीत पेपर वाचत पडले होते. ते बाहेर आले, पाणी घेतलं, आणि डेकपाशी थांबले.

"अरे वा, जर्मन कोण शिकतंय तुमच्यात?"

आम्ही एकमेकींकडे बघितलं.

"काका, हे इंग्लिश आहे," मैत्रीण म्हणाली.

"छे गं! दोन वर्षं काढली आहेत मी तिकडे ट्रेनिंगला. मागे घे बघू जरा."

तिने कॅसेट मागे घेतली. काका कमरेवर हात ठेवून ऐकत राहिले आणि मग त्यांना हसूच आवरेना. "अगं, ही तर स्वेटर कसा धुवायचा ते सांगतेय! लोकरीचे कपडे कोमट पाण्यात धुवा. पिळू नका. आडवे पसरून सावलीत वाळवा. आपल्या स्वेटरच्या आत पट्टी असते ना, त्यावरचं सगळं गाते आहे ही बया. कमाल आहे!"

दोघी मैत्रिणी हसत सुटल्या. एक तर जमिनीवर लोळायला लागली. "पिळू नका! अगं, पिळू नका!" काकाही हसत होते. त्यांचं काहीच चुकलं नव्हतं, त्यांना आमचं काय माहीत असणार? बाई आपली त्याच आवाजात पुढे गात होती.

घाटकोपरची हसली नाही. ती माझ्याकडे बघत होती. अगदी हळू आवाजात तिने विचारलं, "आणि ती किल्ली?"

माझी कानशिलं इतकी तापली की डोळ्यांत पाणी आलं. मी म्हटलं, "मला निघायला हवं, आई वाट बघत असेल." चहा आत उकळत होता, त्याचा वास येत होता. कुणीतरी थांब गं म्हणालं. मी चपला घालताना पट्टा लावायचासुद्धा विसरले, आणि जिना उतरताना वरून परत हसण्याचा आवाज आला. तो माझ्यावरच होता की नाही, कोण जाणे. कॅसेट तिथेच राहिली.

बसमध्ये मी तीच ती गोष्ट उगाळत होते. खोटं बोलल्याची लाज होतीच, पण ती सगळ्यात मोठी नव्हती. जी भाषा इंग्रजी नव्हतीच, ती मला कळत नाही म्हणून मी वर्षभर स्वतःला कमी समजत आले होते. माझ्या कानांवर माझा इतकाही विश्वास नव्हता. आणि त्या मुलीने आपल्या आईचं दुःख माझ्या भरवशावर त्या गाण्यात नेऊन ठेवलं होतं.

त्याच महिन्यात मामा सुट्टीवर आला. मी त्याच्यावर राग काढला. "कसल्या कॅसेटी आणल्यास रे? कुठल्या भाषेच्या आहेत ते तरी विचारायचं दुकानदाराला! माझी काय शोभा झाली, तुला काय कळणार!"

आई ओरडली, "मामाशी असं बोलतात?"

मामा पेटीतून काहीतरी काढत होता, ते तसंच हातात धरून बसला. मी रडायला लागल्यावर त्याने माझ्याकडून सगळी हकीगत काढून घेतली. मग म्हणाला, "पयल्या वर्साक माका कायएक समजत नव्हता. कॅप्टन काय बोललो, की मी येस सर. एकदा तो इचारी होतो, तू आजारी आसस काय? मी येस सर. आनी दोन दिस माका खोलीत बंद करून ठेवल्यानी, साथ नको पसराक म्हणान." तो हसला. मीही हसावं म्हणून त्याने ते सांगितलं होतं. मला हसू आलं नाही. कॉलेजात ज्याला मी 'शिपिंगमध्ये आहेत' म्हणत होते, तो मामा खोलीच्या बंद दारामागे येस सर म्हणत बसलेला दिसला, आणि मला मान वर करवेना. तो गावी जायला निघाला तेव्हा मी त्याच्या पाया पडले, पण माफी मागायची राहिलीच.

कॉलेजमध्ये कुणी मला उघड चिडवलं नाही. एवढंच झालं, की बाईचं नाव 'धोबीण' पडलं. घाटकोपरच्या मैत्रिणीने कॅसेट रुमालात गुंडाळून परत आणून दिली. मी थँक्यू म्हटलं आणि दुसऱ्या बाकावर जाऊन बसले. ती दोनदा बोलायला आली. मी दोन्ही वेळा काहीतरी काम काढून उठले. पुढे ती यायची थांबली. मी वर्गात परत वहीत मान घालून बसायला लागले.

शेवटच्या वर्षी, परीक्षेच्या आधी, आम्ही दोघी लायब्ररीच्या बाहेर समोरासमोर आलो. बाजूने जायला जागा होती, पण ती थांबली.

"तुला एक सांगायचं होतं," ती म्हणाली. "मलाही ते इंग्लिशच वाटलं होतं. कॉन्व्हेंटमध्ये शिकून एक शब्द कळत नाही म्हणून मी गप्प बसले होते. आम्ही तिघीही. त्या दिवशी तू एकटीच लाजलीस, हे काही बरोबर झालं नाही."

मी पिशवीचा पट्टा खांद्यावर सारखा केला.

"आणि मी त्याची कॉपी काढून ठेवलीय. अजून ऐकते. काका काही का म्हणेनात, मला त्यात पायरीवर बसलेली बाईच दिसते." ती जराशी हसली. "नवीन काय ऐकतेस सध्या? मामांनी काही आणलं?"

मामाने आणलं होतं. मागच्याच सुट्टीत, आणि या वेळी डब्यांसकट, कागदांसकट. त्यात एक मुलगी होती, नुसत्या एका यंत्रावर गाणारी, आणि ती ऐकताना मला पहिल्यांदा हिचीच आठवण झाली होती. हिला हे किती आवडेल, असं मी मनातल्या मनात कितीदा म्हटलं होतं. ते सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण माझी कानशिलं परत तशीच तापायला लागली.

"नाही गं," मी म्हटलं, "हल्ली ऐकायला वेळच मिळत नाही."

ती क्षणभर थांबली, आणखी काही येतंय का बघत. मग "बरं" म्हणाली आणि दार ढकलून आत गेली.